सर्व्हर बंद न करता हार्ड डिस्कची अदलाबदल : वरोरा परिसरातील महाविद्यालयांच्या संदर्भात

सारांश : महाविद्यालयीन सर्व्हरमधील निकामी हार्ड डिस्क सर्व्हर चालू असतानाच बदलण्याची सोय 'हॉट स्वॅप' या नावाने ओळखली जाते. प्रस्तुत लेखात या सोयीमागील तत्त्व, डिस्क बदलण्याची रीत आणि त्यातील धोके यांचे विवेचन केले आहे. सेवा अभियंता सहजी उपलब्ध नसलेल्या चंद्रपूर-गडचिरोली भागातील महाविद्यालयांच्या गरजा विशेषत्वाने विचारात घेतल्या आहेत.

बीजशब्द : सर्व्हर, हार्ड डिस्क, हॉट स्वॅप, रेड, पुनर्बांधणी, प्रतिजतन.

प्रस्तावना

बाबा आमटे यांनी स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीच्या आनंदवनामुळे वरोरा हे नाव महाराष्ट्राबाहेरही पोहोचले. याच आनंदवनाच्या परिसरात उच्च शिक्षणाचीही सोय उभी राहिली. वरोरा, भद्रावती, चिमूर, ब्रह्मपुरी येथील महाविद्यालये २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. त्या वर्षी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि ती त्याच्या कक्षेत आली. या कालखंडात महाविद्यालयाच्या कारभाराचे स्वरूप पालटले. दाखल-खारीज नोंदवही, अंतर्गत गुण, शुल्काच्या पावत्या, 'सोल'सारख्या प्रणालीतील ग्रंथालयाची तालिका आणि नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालासाठी जमवलेली वर्षानुवर्षांची माहिती कपाटातून निघून एका लोखंडी पेटीत जाऊन बसली. ती पेटी म्हणजे सर्व्हर. बहुतेक ठिकाणी ती संगणकशास्त्र विभागाच्या किंवा ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात असते, आणि तिच्यात काय आहे याची आठवण ती बंद पडल्यावरच होते.

सर्व्हरमधील सर्वांत लवकर झिजणाऱ्या भागांत हार्ड डिस्कची गणना होते. पंख्याप्रमाणे तिच्यातही फिरणारे भाग असतात. तबकड्या मिनिटाला ७,२०० ते १५,००० फेरे घेतात आणि वाचणारे शीर्ष तबकडीपासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. अशी रचना कधीतरी बिघडणारच. बिघाड झाल्यावर नागपूरहून अभियंता येण्यास किती दिवस लागतील, हा वरोऱ्यातील महाविद्यालयापुढील प्रत्यक्ष प्रश्न होय. नागपूर येथून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. गडचिरोलीच्या दक्षिण टोकावरील सिरोंच्यासाठी हाच प्रश्न कितीतरी पटींनी बिकट होतो. डिस्क बदलण्याचे काम महाविद्यालयातील अध्यापकाला किंवा प्रयोगशाळा सहायकाला स्वतः करता येणे ही म्हणूनच येथील गरज आहे.

संज्ञेचा अर्थ

'हॉट' या शब्दाचा येथे उष्णतेशी संबंध नाही. 'गरम अदलाबदल' असे शब्दशः भाषांतर करणे हास्यास्पद ठरेल. विजेचे काम करणारा कारागीर 'चालू लाइनवर काम' असे म्हणतो, त्यातील 'चालू' हा या शब्दाचा नेमका अर्थ. विद्युतप्रवाह सुरू असताना, यंत्र कामात असताना, भाग काढणे व बसवणे म्हणजे हॉट स्वॅप. बँकांसारख्या क्षणभरही न थांबणाऱ्या कारभारासाठी टँडेम या अमेरिकन कंपनीने १९७६ पासून अशी यंत्रे बाजारात आणली. त्यांत प्रत्येक महत्त्वाचा भाग दुहेरी असे आणि बिघडलेला भाग यंत्र न थांबवता काढता येई. त्या काळी ही चैन होती. आज साध्या सर्व्हरच्या दर्शनी भागातही डिस्कचे कप्पे असतात.

एक भेद मात्र आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. डिस्क चालू यंत्रातून काढता येणे ही एक गोष्ट आणि ती काढल्यावरही माहिती शाबूत राहणे ही दुसरी. पहिली गोष्ट विद्युत जोडणीवर अवलंबून असते, तर दुसरी माहितीच्या मांडणीवर. अनेक गैरसमज या दोहोंची गल्लत झाल्यामुळे उद्भवतात.

विद्युत जोडणी

चालू यंत्रात एखादा भाग खुपसला की दोन संकटे संभवतात. जमिनीची जोडणी होण्याआधीच इतर संपर्क जुळले तर नाजूक मंडलांतून अवेळी प्रवाह वाहतो. शिवाय नव्या भागातील रिकामी संधारित्रे एकाएकी प्रवाह ओढून घेतात, तेव्हा शेजारच्या डिस्कचा दाब क्षणभर घसरू शकतो. साटा आणि सॅस या दोन्ही प्रकारच्या जोडण्यांत यावर साधा पण कल्पक उपाय योजलेला आहे. संपर्कपट्ट्यांची लांबी एकसारखी नसते. लांब पट्ट्या आधी टेकतात आणि त्यांतून जमिनीची जोडणी होते. काही पट्ट्यांतून संधारित्रे हळूहळू भारित होतात आणि त्यानंतर मुख्य प्रवाह सुरू होतो. डिस्क काढताना हाच क्रम उलटा घडतो. हे सारे डिस्क आत सरकवण्याच्या निमिषभरात होते, म्हणून ती सरळ रेषेत व एका दमात सरकवावी लागते.

ही रचना सर्व्हरमध्ये पाठफलकावर असते. डिस्क तारांना न जोडता एका चौकटीत स्क्रूने बसवली जाते आणि चौकट कप्प्यात सरकवली की ती थेट या फलकाला जोडली जाते. साध्या टेबलावरील संगणकात असा फलक नसतो. तेथे तार उपटून डिस्क काढणे म्हणजे हॉट स्वॅप नव्हे. सॅस फलकावर साटा डिस्क बसते, पण साटा फलकावर सॅस डिस्क बसत नाही. जोडणीचा आकारच तसा ठेवलेला आहे. खरेदीच्या वेळी हा तपशील दुर्लक्षित राहिल्याने नवी डिस्क हाती असूनही कामी न येण्याचा प्रसंग ओढवतो.

माहितीची मांडणी

१९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध सादर केला. एक मोठी महागडी डिस्क घेण्याऐवजी अनेक लहान व स्वस्त डिस्कचा संच वापरावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. डिस्कची संख्या वाढली की त्यांपैकी एखादी बिघडण्याची शक्यताही वाढते, म्हणून संचात थोडी अधिकची माहिती साठवावी आणि एक डिस्क गेली तरी तिच्यावरील मजकूर उरलेल्यांवरून पुन्हा मिळवावा, हा त्या निबंधाचा गाभा. 'रेड' हे नाव तेथूनच रूढ झाले. त्यातील मूळचा 'स्वस्त' हा शब्द पुढे 'स्वतंत्र' या अर्थाच्या शब्दाने बदलला गेला. डिस्क विकणाऱ्यांना पहिला शब्द रुचला नसावा.

रेडचे तत्त्व अध्यापकांना गुणपत्रिकेवरून सहज उमगेल. तीन विषयांचे गुण ६२, ४८ व ७१ आणि त्यांची बेरीज १८१ अशी नोंद आहे, असे समजू. शाई सांडून ४८ हा आकडा पुसला गेला तरी बेरजेतून उरलेले दोन आकडे वजा करून तो परत मिळतो. बेरीज पुसली गेली तरी ती पुन्हा मांडता येते. पण दोन आकडे एकाच वेळी पुसले गेले, तर गुणपत्रिका निरुपयोगी होते. रेड-५ मध्ये असेच घडते. फक्त बेरजेच्या जागी बिटांची समता साठवली जाते. १०११ आणि ०११० यांची समता ११०१ येते. यांपैकी कोणतेही दोन गट हाती असतील तर तिसरा काढता येतो. समतेचा मजकूर एकाच डिस्कवर न ठेवता सर्व डिस्कवर आळीपाळीने विखुरलेला असतो. रेड-६ मध्ये परस्परभिन्न अशी दोन समीकरणे साठवतात, म्हणून दोन डिस्क गमावल्या तरी माहिती टिकते. रेड-१ ही सरळ दुसरी प्रत होय. रेड-० मध्ये मात्र अधिकची माहिती मुळीच नसते. तेथे एक डिस्क गेली की सारे गेले, मग कप्पे कितीही सुबक असोत.

बिघाड किती संभवनीय?

उत्पादकांच्या माहितीपत्रकांत बिघाडापर्यंतचा सरासरी काळ १० ते १५ लाख तास असा छापलेला असतो. १० लाख तास म्हणजे सुमारे ११४ वर्षे. कोणतीही डिस्क इतकी चालत नाही. तो आकडा मोठ्या समूहाचा असून त्यावरून वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागतील असे अनुमान निघते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी २००७ मध्ये सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. त्यांना प्रत्यक्ष बदलण्याचे प्रमाण बहुधा २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले. वर्षाला ३ टक्के हे प्रमाण धरले, तर आठ डिस्कच्या सर्व्हरमध्ये एका वर्षात किमान एक डिस्क निकामी होण्याची शक्यता सुमारे २२ टक्के आणि पाच वर्षांत सुमारे ७० टक्के येते. 'आमच्याकडे असे होणार नाही' या भरवशाला या आकड्यांत जागा नाही.

त्याच वर्षी गूगलच्या अभियंत्यांनीही एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते तिला 'स्मार्ट' म्हणतात. निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये स्मार्टच्या चार प्रमुख लक्षणांपैकी एकही आधी दिसले नव्हते. पूर्वसूचना मिळाली तर तिचा आदर करावा, पण ती न मिळणे म्हणजे प्रकृती ठणठणीत असणे नव्हे. तापमानाचा परिणाम समजला जातो तितका मोठा नाही, असेही या अभ्यासात दिसून आले. वयाने वाढलेल्या, अधिक तापलेल्या डिस्क मात्र त्याला अपवाद होत्या. हे निरीक्षण नियंत्रित वातावरणातील यंत्रांविषयीचे आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यातील बंद खोलीला ते जसेच्या तसे लावणे धाडसाचे होईल. बहुतेक सर्व्हरमध्ये आत घेतली जाणारी हवा ३५ अंशांपर्यंतची असावी असे अभिप्रेत असते. कोळसा खाणी आणि औष्णिक वीज केंद्रांच्या या परिसरात धूळही कमी नसते. ती डिस्कच्या पोटात शिरत नाही, परंतु पंख्यांवर व जाळ्यांवर बसून हवेचा मार्ग अडवते. रिकाम्या कप्प्यांवरील झाकणे शोभेसाठी नसतात. ती काढून टाकली तर हवा वाट सोडून त्या भोकांतून पळते आणि शेजारच्या डिस्क तापतात.

नेमकी कोणती डिस्क?

डिस्क बदलण्याच्या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाचा टप्पा हात लावण्यापूर्वीचा आहे. रेड-५ संचातील एक डिस्क निकामी असताना चुकून चांगली डिस्क ओढली गेली, तर गुणपत्रिकेतील दुसरा आकडाही पुसला जातो आणि संपूर्ण संच त्याच क्षणी बंद पडतो. ही चूक अज्ञानी माणूसच करतो असे नाही. तिला कारणीभूत होणारी परिस्थिती सर्व्हरच्या रचनेतच दडलेली असते. कप्प्यांची गणना बहुधा शून्यापासून होते, म्हणून पडद्यावरील 'डिस्क २' ही डावीकडून तिसरी असते. दूरध्वनीवर 'दुसरी डिस्क खराब आहे' असा निरोप मिळाला की ऐकणाऱ्याचा हात कप्पा क्रमांक १ कडे जातो. काही यंत्रांत क्रमांक वरून खाली जातात, तर काहींत डावीकडून उजवीकडे. कार्यप्रणाली डिस्कला जे नाव देते, ते यंत्र पुन्हा सुरू केल्यावर बदलूही शकते.

म्हणून ओळख तीन मार्गांनी पटवावी. कप्प्यावरील दिवा हा पहिला मार्ग. पिवळसर नारिंगी दिवा बहुधा बिघाड दर्शवतो, तथापि दिव्यांची भाषा कंपनीगणिक बदलते, यास्तव त्या सर्व्हरचे माहितीपुस्तकच प्रमाण मानावे. नियंत्रकाच्या व्यवस्थापन प्रणालीतून विशिष्ट कप्प्याचा दिवा लुकलुकवण्याची आज्ञा देणे हा दुसरा आणि अधिक खात्रीचा मार्ग. तिसरा मार्ग अनुक्रमांकाचा. निकामी डिस्कचा अनुक्रमांक पडद्यावर वाचता येतो, पण तो छापलेला असतो डिस्कच्या अंगावर, म्हणजे कप्प्याच्या आत. सर्व्हर नवा असतानाच प्रत्येक चौकटीच्या दर्शनी भागावर अनुक्रमांकाची चिठ्ठी चिकटवणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. त्या चिठ्ठीइतके स्वस्त संरक्षण दुसरे नाही.

प्रत्यक्ष बदल

काम हाती घेण्यापूर्वी महत्त्वाच्या माहितीची ताजी प्रत दुसरीकडे घेतलेली असावी. डिस्क अद्याप चालू असून केवळ बिघाडाची पूर्वसूचना देत असेल, तर नियंत्रकाच्या किंवा कार्यप्रणालीच्या आज्ञेने ती आधी संचातून बाद करावी. केवळ सॉफ्टवेअरच्या आधारे बांधलेल्या संचात ही पायरी टाळताच येत नाही. त्यानंतर हाताचा स्पर्श सर्व्हरच्या धातूच्या सांगाड्याला करावा किंवा मनगटी पट्टा वापरावा. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर साचणारा स्थितिक भार येथे उपेक्षणीय नसतो.

चौकटीची कळ दाबून डिस्क थोडीशीच, फलकापासून सुटेल इतकी, बाहेर ओढावी आणि अर्धा मिनिट थांबावे. या वेळेत तबकड्या थांबतात व शीर्ष आपल्या जागी परततात. फिरत्या डिस्कला हातात उलटसुलट करणे घातक असते. निकामी डिस्कच्या बाबतीत त्याने काय बिघडणार, असे वाटेल, पण चुकीची डिस्क निघाली असल्यास ती अर्ध्या मिनिटाची शिस्तच तिला वाचवते. नवी डिस्क जुनीइतक्याच किंवा अधिक क्षमतेची आणि त्याच प्रकारच्या जोडणीची असावी. 'सारख्याच क्षमतेच्या' म्हणवल्या जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या डिस्कमध्ये थोडासा फरक असू शकतो आणि तेवढ्यानेही नियंत्रक तिला नाकारतो. जुन्या चौकटीतून डिस्क सोडवून नवी बसवावी, चौकट शेवटपर्यंत सरकवावी आणि कळ बंद होताना होणारा आवाज ऐकावा. अर्धवट बसलेली चौकट हे 'नवी डिस्कही खराब निघाली' या तक्रारीचे नेहमीचे कारण असते.

बऱ्याच नियंत्रकांत यानंतर पुनर्बांधणी आपोआप सुरू होते. काहींत नव्या डिस्कला राखीव म्हणून नेमावे लागते. पडद्यावर आलेल्या प्रत्येक प्रश्नाला घाईने होकार देऊ नये. 'इनिशियलाइज' असा पर्याय दिसल्यास तो संच नव्याने आखण्याचा, म्हणजे माहिती पुसण्याचा असू शकतो. पुनर्बांधणीसाठी 'रिबिल्ड' हा शब्द असतो. दुसऱ्या सर्व्हरमधून काढलेली डिस्क बसवली, तर नियंत्रक तिला 'परकी' ठरवतो, कारण तिच्यावर जुन्या संचाची आखणी असते. ती आखणी पुसण्यापूर्वी ती डिस्क खरोखरच निरुपयोगी माहितीची आहे याची खात्री करावी.

चुकीची डिस्क ओढली गेलीच, तर सर्व्हर पुनःपुन्हा सुरू करून पाहणे, नवी डिस्क खुपसणे आणि संच नव्याने आखणे या तीन गोष्टी टाळाव्यात. डिस्क होती त्याच कप्प्यात परत ठेवावी, पडद्यावरील संदेश जसेच्या तसे लिहून घ्यावेत आणि जाणकाराशी बोलल्यावरच पुढचे पाऊल उचलावे.

पुनर्बांधणीचा काळ

नवी डिस्क बसली म्हणजे काम संपले, ही समजूत चुकीची आहे. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने भरायची म्हटली तरी ४०,००० सेकंद, म्हणजे सुमारे ११ तास लागतात. कारभार चालू असल्यास याहून अधिक. या काळात उरलेल्या सर्व डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचल्या जातात. त्या बहुधा एकाच वेळी विकत घेतलेल्या आणि सारख्याच झिजलेल्या असतात. अनेक साध्या डिस्कसाठी उत्पादक १०० लाख कोटी बिटांमागे एक न वाचता येणारी जागा गृहीत धरतात. हे प्रमाण सुमारे १२.५ टेराबाइटमागे एक असे पडते. ४ टेराबाइटच्या चार डिस्कचा रेड-५ संच पुन्हा बांधताना १२ टेराबाइट वाचावे लागतात. प्रत्यक्षातील डिस्क पुष्कळदा या आकड्याहून सरस ठरतात, तरीही मोठ्या डिस्कच्या संचासाठी रेड-६ किंवा दुहेरी प्रतीची मांडणी अधिक शहाणपणाची आहे.

अभियंत्याची वाट पाहण्याचे दिवस या धोक्याच्या काळात मिळवले पाहिजेत. नागपुरातील कार्यालयात चार तासांत नवी डिस्क बसत असेल, पण वरोऱ्यात चार दिवस आणि सिरोंच्यात पंधरवडा लागला, तर सारखाच सर्व्हर तिन्ही ठिकाणी सारखा सुरक्षित राहत नाही. खरी अडचण तांत्रिक नसून खरेदीच्या पद्धतीची आहे. डिस्क बिघडल्यावर टिपणी, तीन दरपत्रके, खरेदी समितीची बैठक, मंजुरी आणि मग आदेश असा प्रवास सुरू होतो. तोवर संच एका पायावर उभा असतो. सर्व्हरच्या मूळ आदेशातच एक-दोन जादा डिस्क, चौकटीसह, समाविष्ट केल्यास हा काळ शून्यावर येतो. त्यांपैकी एक यंत्रातच राखीव म्हणून बसवली, तर रात्री दोन वाजता बिघाड झाला तरी पुनर्बांधणी मनुष्याविना सुरू होते. चार-पाच वर्षांनी तेच प्रारूप बाजारात मिळेनासे होते, हाही मुद्दा खरेदी समितीपुढे ठेवता येण्याजोगा आहे.

यूपीएसचा विचार याच संदर्भात करावा. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे. तरीही जिल्ह्यातील गावांना खंडित पुरवठा नवा नाही. पुनर्बांधणी चालू असताना वीज जाणे बहुतेक नियंत्रक सहन करतात, पण वारंवार जाणे हे थकलेल्या डिस्कसाठी शेवटचे निमित्त ठरू शकते.

रेड म्हणजे प्रतिजतन नव्हे

संच सुदृढ असताना लिपिकाने चुकून गुणांची सारणी पुसली, तर ती सर्व डिस्कवरून तत्परतेने पुसली जाते. खंडणीखोर विषाणू, वीज कोसळणे, चोरी, आग यांच्यापुढेही रेडचे काही चालत नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीत वरचे मजले भस्मसात झाले, माणसे दगावली आणि कार्यालयीन कागदपत्रे जळाली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथील शासकीय माहिती केंद्राला आग लागली, तेव्हा शासकीय कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली, कारण तिची प्रत अन्यत्र नव्हती. इतक्या प्रगत देशाची ही अवस्था झाली. तेव्हा ग्रंथालयाच्या तालिकेची आणि गुणांची एक प्रत सर्व्हरच्या खोलीबाहेर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवावी आणि ती परत उघडते की नाही हे सत्रातून एकदा तरी तपासून पाहावे.

काढलेल्या डिस्कचे काय करावे?

निकामी ठरलेली डिस्क सर्वथा मुकी नसते. रेड-१ मधील डिस्कवर सर्व माहितीची वाचण्याजोगी पूर्ण प्रत असते आणि रेड-५ मधील डिस्कवरही विद्यार्थ्यांची नावे, पत्ते, आधार क्रमांक यांचे तुकडे सापडू शकतात. हमीच्या काळात कंपनी जुनी डिस्क परत मागते. ती स्वतःकडेच ठेवण्याची मुभा काही कंपन्या जादा शुल्क घेऊन देतात आणि परीक्षा विभागाच्या सर्व्हरसाठी हे शुल्क वाजवी आहे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानंतर या प्रश्नाकडे काणाडोळा करणे अधिकच कठीण झाले आहे. हमी संपलेली डिस्क भंगारवाल्याला न देता तबकड्या छिद्र पाडून नष्ट कराव्यात आणि उरलेला भाग २०२२ च्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे सोपवावा. जडवस्तू संग्रह नोंदवहीत सर्व्हरची नोंद एकच असते, तिच्यात डिस्क सुट्या दाखवलेल्या नसतात. म्हणून बदललेल्या डिस्कचा अनुक्रमांक, कप्पा, दिनांक आणि नष्ट केल्याचा दाखला त्या नोंदीसमोरच लिहून ठेवावा, म्हणजे निर्लेखनाच्या वेळी आणि पुढील डिस्क बिघडल्यावर कप्प्यांतील कोणती डिस्क किती जुनी आहे हे तेथूनच कळते.